अर्धा इंच माया: जुन्या साडीची गोधडी हाताने कशी शिवायची

कपाटात अशा दोन-चार साड्या असतातच, ज्या आता नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्यांची गोधडी शिवायची म्हटलं की पहिली भीती शिवणाची वाटते. खरं म्हणजे गोधडीला मुख्यतः एकच टाका लागतो, धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर करत सरळ ओळीत घालायचा टाका, आणि तो कुणालाही अर्ध्या तासात येतो. गोधडी बिघडते ती सुई हातात घेण्याआधी: चुकीचा भाग कापला, कापड न धुता घेतलं, थर घाईने लावले.

जुनं सुती कापड मऊ असतं कारण ते विरलेलं असतं. एकट्या थरात ते ओढ सहन करत नाही. पाच थर एकत्र धरून त्यांत आठ हजारांवर बारीक टाके घातले की ओढ कुठल्याही एका जागी पडत नाही, सगळीकडे वाटली जाते. गोधडी टिकते ती यामुळे. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनीही याच तत्त्वावर उभी आहे. पुढची प्रत्येक सूचना वाचताना हे एवढं डोक्यात ठेवा, म्हणजे कुठे सूट घेता येईल आणि कुठे नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

इथे सांगितलेलं माप ३६ × ४२ इंचांचं आहे. बाळासाठी, मांडीवर घ्यायला, आरामखुर्चीत पायांवर टाकायला ते पुरतं. पहिलीच गोधडी पलंगाच्या मापाची घेऊ नका. ती निम्म्यावर अडते आणि मग वर्षानुवर्षं गाठोड्यात पडून राहते.

१. कोणती साडी आणि तिचा कुठला भाग

सुती साडी घ्या. सुती म्हणून दिलेली प्रत्येक साडी सुती नसते, म्हणून आतल्या टोकाचे चार धागे काढून चिमट्यात धरा आणि जाळून पाहा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ राखाडी राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि काळी गोळी उरते, ती बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी होतो, तो चुरडत नाही. पॉलिस्टरची साडी थरात सरकत राहते, घाम शोषत नाही, शिवाय इस्त्री जरा तापली तरी आकसते. जॉर्जेट आणि शिफॉन पहिल्या गोधडीत नकोच.

आता साडी पूर्ण उलगडून खिडकीसमोर धरा. उजेड जिथे जास्त आरपार येतो, तिथे कापड विरलेलं आहे. विरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: पायाशी घासणारा खालचा काठ, निऱ्यांचा भाग, आणि खांद्यावर पिन लावलेली पदराची जागा. पिनांची भोकं आधी दिसत नाहीत, बोट फिरवलं की लागतात. कमरेला पहिल्यांदा खोचला जाणारा आतला भाग मात्र ऊन आणि घासणं दोन्हींपासून वाचलेला असतो. त्याचा रंगही ताजा असतो. तळाच्या थरासाठी तोच राखून ठेवा.

ताकद पाहायची असेल तर दोन्ही मुठींत कापड धरून अंगठे एकमेकांना लावा आणि हलकेच बाहेर दाबा. कापड तग धरत असेल तर ते वरच्या किंवा खालच्या थराला चालेल. नुसते धागे विरळ झाले तर आतल्या थरांत घाला. चरचर आवाज करत फाटलं, तर ते गोधडीत घालूच नका. ते कुजलेलं असतं, आणि टाके त्याला धरून ठेवत नाहीत, उलट सुईच्या भोकांच्या रेषेत ते फाटत जातं.

रेशमी साडीबद्दल थोडं सावध राहा. जुनं रेशीम घडीवर चिरतं, आणि एकदा चिरायला लागलं की शेजारच्या घडीही पाठोपाठ जातात. सुती आणि रेशीम धुतल्यावर सारखं वागत नाहीत, त्यामुळे एकत्र शिवलं की चुण्या पडतात. एखादा रेशमी तुकडा हवाच असेल, तर मलमलीच्या तुकड्यावर पसरून कडेने धावदोरा घाला आणि मधोमध ठिगळासारखा लावा. जरीचा काठ बाळाच्या गोधडीत नको. तार सुटते आणि टोचते. आणि धड असलेली पैठणी कृपा करून कापू नका. ती नेसायची वस्तू आहे.

साडीऐवजी लुगडं, धोतर, पंचा, सुती सदरा यांतलं काहीही चालतं. लुगडं नऊ वारांचं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे त्यात दीडपट काम होतं. टी-शर्टचं कापड ताणतं. त्याच्या मागे इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावल्याशिवाय ते वापरू नका.

२. कात्री लावण्याआधी

साडी कुणाची आहे आणि तिच्यावर आणखी कुणाचं मन आहे, हे विचारून घ्या. "ती साडी कापलीस?" हा प्रश्न गोधडी पूर्ण झाल्यावर येतो आणि त्याला उत्तर नसतं. भावंडं असतील तर कापलेल्या साडीतून प्रत्येकासाठी एक हातभर तुकडा आधीच बाजूला ठेवता येतो.

उलगडलेल्या साडीचा पदर, काठ आणि अंग असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढा.

साडीला येणारा तिच्या माणसाचा वास जपायचा असेल तर आताच विचार करा. धुतल्यावर तो जाणार. चार बोटांचा एक न धुतलेला तुकडा झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. बाकी साडी मात्र धुतलीच पाहिजे, कारण न दिसणारे घामाचे आणि अन्नाचे डाग पुढे पिवळे पडतात आणि किडीला बोलावतात.

३. काय काय लागेल

- सुती पाचवारी साडी, १ (साधारण साडेपाच मीटर लांब, ४५ इंच पन्ह्याची, म्हणजे रुंदीची)
- ठिगळांसाठी इतर कपड्यांचे तुकडे, हवे असल्यास
- पर्ल कॉटन (भरतकामाचा पिळदार सुती दोरा) ८ नंबरचा, सुमारे ८० मीटरच्या २ गुंड्या
- कच्च्या टाक्यांसाठी (थर तात्पुरते धरून ठेवणारे लांब टाके, शेवटी उसवायचे) साधा पांढरा शिलाईचा दोरा, १ रीळ
- मोठ्या नेढ्याच्या भरतकामाच्या सुया, ५ किंवा ६ नंबर, निदान ४ (एखादी वाकते, एखादी हरवते)
- अंगुस्तान (सुई ढकलताना बोटात घालायची टोपी), मधल्या बोटात घट्ट बसणारं
- कापडाची कात्री आणि छोटी टोकदार कात्री
- मापाची टेप, लांब पट्टी, मास्किंग टेप
- अंगाच्या साबणाची झिजलेली चिप्पी

साबणाची चिप्पी खुणेसाठी आहे. गडद कापडावर तिची रेघ पांढरी आणि बारीक उमटते, पहिल्या धुण्यात निघून जाते. फिकट कापडावर हलकी पेन्सिल वापरा. बॉलपेन नको. इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जाणारी पेनंही नकोत, कारण त्यांची शाई थंडीत पुन्हा उमटू शकते.

दोऱ्यात काटकसर करू नका, पण जाडीचा मोहही आवरा. फार जाड, पोत्याच्या सुतळीसारखा दोरा आणि त्यासाठी घेतलेला दाभण विरलेल्या कापडाला भोकं पाडतो. पॉलिस्टरचा दोरा सुती कापडापेक्षा मजबूत असतो, आणि इथे तोच त्याचा दोष आहे: ओढ आली की दोरा तुटत नाही, कापड चिरतं. दोरा तुटला तर पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो.

४. धुणं

आधी फॉल आणि पिकोची शिलाई उसवा. फॉलच्या खाली वर्षानुवर्षांची धूळ असते आणि तिथला रंग बाकी साडीपेक्षा वेगळा दिसतो.

खळ पूर्ण जायला हवी. साडी कोमट पाण्यात तासभर भिजवा, पाणी ओता, पुन्हा भिजवा. दोन बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागेनासं झालं की खळ गेली. खळ राहिली तर सुई अडते, आणि पुढे कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागते, कारण तिला खळच हवी असते.

रंग जातो का, ते पाहायला ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ जोरात घासा. लाल, मरून आणि गडद निळा यांच्यावर विश्वास ठेवू नका. फडक्यावर रंग आला तर ती साडी एकटी धूत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने बसत नाही. तीन-चार धुण्यांनंतरही पाणी लालच येत असेल, तर तो भाग फिकट कापडाच्या शेजारी लावू नका.

एखादा थर नव्या कापडाचा घेणार असाल, तर तोही धुऊन घ्या. जुनी साडी आटायची तेवढी आटून गेलेली असते, नवं कापड अजून आटायचं असतं. न धुता शिवलंत तर पहिल्या धुण्यात सगळ्या गोधडीला चुण्या पडतात आणि त्यावर उपाय नाही.

वाळल्यावर किंचित दमट असतानाच इस्त्री करा.

५. हिशेब आणि कापणं

एका साडीतून संपूर्ण गोधडी निघते, ती अशी. साडीची लांबी साधारण २१६ इंच, पन्हा ४५ इंच.

- तळाचा थर: ४० इंच लांबीचा तुकडा (पूर्ण पन्ह्याचा)
- आतले तीन थर: प्रत्येकी ३७ इंच, म्हणजे १११ इंच
- वरचा थर: ३७ इंच

बेरीज १८८ इंच. उरलेले २८ इंच विरलेला भाग, डाग आणि भोकं वगळण्यासाठी आहेत. तळाचा थर मुद्दाम मोठा आहे, कारण त्याच्याच कडा वर दुमडून गोधडीची किनार होणार आहे.

शिंपीकामात शिवणीच्या बाहेर सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. नव्या कापडाला पाव इंच माया पुरते. जुन्या कापडाला अर्धा इंच सोडा. पाव इंचावर विरलेले धागे शिवणीतून सरकून बाहेर येतात, आणि शिवण आहे तिथे राहून कापडच सुटतं.

सरळ कापण्यासाठी पट्टीवर भरवसा ठेवू नका. जिथे कापायचं आहे, तिथला एक आडवा धागा सुईने उचलून ओढून काढा. कापडात एक बारीक मोकळी रेघ उमटेल, तिच्यावरून कात्री चालवा. वेळ लागतो, पण थर तिरका कापला गेला तर गोधडी धुतल्यावर पिळवटते. साडी फाडून वेगळी करण्याची सवय जुन्या कापडाला लावू नका. फाडताना कडा कमकुवत होतात.

काठ दोन इंचांहून रुंद आणि जाड असेल, तर आतल्या तिन्ही थरांचे काठ काढून टाका. पाच थरांचे काठ एकावर एक आले की तिथून सुई जात नाही. काठ काढल्याने आतला थर दोन-चार इंच कमी पडेल. तिथे त्याच कापडाची पट्टी अर्धा इंच चढवून कच्च्या टाक्याने जोडा. दुमडून शिवण घालू नका, तिचा वळ वरून दिसतो. तिन्ही थरांचे हे जोड एकाच जागी येऊ देऊ नका.

पुढे कधी एका माणसाच्या पलंगाची, ६० × ९० इंचांची शिवायची झाली, तर पाच थरांना चार साड्या धरा.

६. वरचा थर

सगळ्यात सोपं आणि बहुतेक वेळा सगळ्यात देखणं म्हणजे पदर अखंड ठेवून तोच वरचा थर करणं. ज्या व्यक्तीची साडी आहे तिला ओळखणारे लोक ती पदरावरून ओळखतात. चार-चार इंचांचे चौकोन केले की साडी ओळखूच येत नाही. ठिगळकाम सुंदर दिसतं, पण ते आठवणीपेक्षा रंगसंगतीचं काम होतं. पदराच्या दशा कापून टाका किंवा आत दुमडा. त्या मोकळ्या राहिल्या तर बोटांत अडकतात.

ठिगळं लावायचीच असतील तर ती थोडी आणि अर्थाची ठेवा: सदऱ्याचा खिसा, शाळेच्या गणवेशाची पट्टी, रुमालाचा भरलेला कोपरा. प्रत्येक तुकड्याच्या कडा अर्धा इंच आत दुमडून इस्त्रीने बसवा, वरच्या थरावर ठेवा, कच्चा टाका घाला आणि कडेपासून सुताभर (इंचाचा आठवा भाग) आत बारीक धावदोऱ्याने पक्का करा. बटणं काढून टाका. बाळाच्या गोधडीवर बटण, मणी, आरसा, घुंगरू काहीही नको, कितीही घट्ट शिवलं तरी.

७. थर लावणं

सगळी गोधडी या कामावर उभी आहे, आणि नेमकं हेच काम घाईत होतं. दोन-तीन तास मोकळे ठेवा. घरात रांगतं मूल असेल तर ते झोपल्यावर बसा, आणि टाचण्या वापरू नका.

स्वच्छ पुसलेल्या फरशीवर तळाचा थर उलटी बाजू वर करून पसरा. चारही कडांना मास्किंग टेप लावा, आधी समोरासमोरच्या दोन मधल्या जागा, मग उरलेल्या दोन, शेवटी कोपरे. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलंत तर टेप काढल्यावर ते आपल्या मापावर परत येतं आणि वरचे थर फुगून राहतात. ही चूक इतकी होते की एक खूण लक्षात ठेवा: टेपपाशी कापडावर किरणांसारख्या रेषा दिसल्या, तर ते ताणलं गेलं आहे.

आता आतला पहिला थर ठेवा. गोधडीच्या रुंदीत (३६ इंचांच्या दिशेने) तळाचं कापड दोन्ही बाजूंनी सारखं, दीड-दीड इंच बाहेर दिसायला हवं; लांबीत थर पूर्ण पन्ह्याचे असतील तर कडा जुळतील, तिथलं जास्तीचं कापड शेवटी कापायचं आहे. तळहात मध्यावर ठेवा आणि बाहेरच्या दिशेने फिरवत जा, पोळपाटावरचं पीठ झटकल्यासारखा हलका. दाबून सारू नका. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक थराला हेच. शेवटी वरचा थर, सुलटी बाजू वर.

कच्चे टाके मधल्या बिंदूपासून सुरू करा. आधी मधोमध उभी रांग, वर आणि खाली. मग मधोमध आडवी. अधिकाचं चिन्ह झालं की प्रत्येक भाग मध्याकडून कडेकडे भरत जा. दोन रांगांमध्ये चार बोटांचं, म्हणजे तीन ते चार इंचांचं अंतर, आणि टाका दीड-दोन इंच लांब. दोरा पांढराच घ्या. गडद दोऱ्याचा रंग टाका उसवल्यावर ठिपका बनून राहू शकतो.

टाका घालताना सुई फरशीला टेकून वर यायला हवी, खर्रकन आवाज येतो. तो आला म्हणजे सुई पाचही थरांतून गेली.

टेप काढा आणि गोधडी उलटी करून पाहा. मागे एखादी चुणी दिसली तर तेवढ्या भागाचे कच्चे टाके उसवून पुन्हा घाला. "धावदोऱ्यात बसून जाईल" असं वाटतं. बसत नाही, तिथेच शिवली जाते.

८. धावदोरा

दोरा २० ते २२ इंच घ्या, हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंतच्या लांबीहून थोडा जास्त. लांब दोरा वाचवलेला वेळ गुंत्यात परत घेतो, शिवाय प्रत्येक टाक्याला कापडातून घासून तो केसाळ होतो. एकेरीच ओवा.

गाठ बारीक मारा. पहिला टाका घालायच्या जागेपासून इंचभर लांब, फक्त वरच्या थरातून सुई आत घाला, ओळीवर बाहेर काढा आणि हलका हिसका द्या. गाठ टप्प आवाज करून आत जाते. बाहेर राहिलेली गाठ धुण्यात सुटते आणि अंगाला टोचते. दोरा संपत आला की एक बारीक टाका मागे घ्या, सुई थरांच्या आतून इंचभर सरकवून बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा.

टाक्याचं माप: सुरुवातीला इंचाला चार टाके पुरे. सारखेपणा बारीकपणाहून मोठा. खालचा हात गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक त्या बोटाला निसटतं लागलं की लगेच ती वर वळवा. टोक लागलंच नाही, तर तो टाका तळाच्या थरापर्यंत पोचलेला नाही. तीन टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढा, आणि ओढल्यावर अंगठ्याने ओळ पुसल्यासारखी सपाट करा. कापडाला बारीक लाट यायला हवी, चुणी नाही.

ओळी ४२ इंच लांबीच्या दिशेने, पाऊण-पाऊण इंचावर. खूण एकदम सगळीकडे करू नका, साबणाची रेघ हाताळून पुसते. चार-पाच ओळींपुरती आखा. ३६ इंचांत ४८ ओळी बसतात. एका ओळीला तीन-चार दोरे आणि साधारण २० मिनिटं धरली तर १६ तासांचं काम आहे, आणि दोरा ९० ते १०० मीटर जातो. म्हणून दोन गुंड्या. एकाच वेळी घ्या, नंतर आणलेली त्याच छटेची असेलच असं नाही.

सुरुवात कुठून? घरातल्या मोठ्या बायका कडेने सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतात. त्या गोधड्या देखण्या असतात, पण उरलेलं सैल कापड मध्याकडे ढकललं जातं, आणि हात बसलेला नसेल तर मधोमध फुगा येतो. पहिल्या गोधडीला मधली ओळ आधी घाला आणि दोन्ही बाजूंनी कडेकडे जा. कापड कुठे सरकलंच तर कडेला सरकेल, तिथे ते कापता येतं.

एक ओळ वरून खाली घातली तर पुढची खालून वर. प्रत्येक टाका वरचं कापड केसभर पुढे ढकलतो. सगळ्या ओळी एकाच दिशेने घातल्या तर ते केसभर साठत जातं आणि शेवटी गोधडी चौकोनी न राहता एका कोपऱ्याला कललेली दिसते.

बोटं दुखायला लागली की थांबा. दुखऱ्या बोटांनी घातलेले टाके लांब होतात, आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्यालाच उसवावे लागतात. उसवताना ब्लेड घेऊ नका. छोट्या कात्रीने दर तिसरा टाका कापा आणि मागून दोरा ओढा.

९. कडा

सगळ्या ओळी झाल्यावर वरचे चार थर पट्टी लावून ३६ × ४२ इंचांवर सरळ करा. कात्री तळाच्या थराला लागणार नाही याची काळजी घ्या, इथे अनेकांचा हात चुकतो. तळाचा थर मधून बोटाने दाबून वेगळा धरा आणि मगच कापा. मग तळाच्या थराची बाहेरची पट्टी चारही बाजूंनी बरोबर एक इंच ठेवा.

ही पट्टी अर्धा इंच दुमडा, म्हणजे तिची कड गोधडीच्या कडेला टेकेल. मग तीच पुन्हा अर्धा इंच वर घ्या आणि बारीक हेमिंगने (दुमडलेली कड कापडाला धरणाऱ्या तिरक्या टाक्यांनी) बसवा, इंचाला सहा-सात टाके. कोपऱ्यावर आधी तळाच्या कापडाचं टोक गोधडीच्या कोपऱ्यावर तिरकं दुमडा, मग दोन्ही बाजू घ्या. तिरकी चीर सुटू नये म्हणून तिच्यावर तीन-चार टाके. कोपरे आणि कडा सर्वांत आधी झिजतात, तिथे दोरा दुहेरी घेतला तरी हरकत नाही.

किनार लावून झाल्यावरच कच्चे टाके उसवा.

१०. नाव आणि तारीख

साडी कुणाची, कुणासाठी शिवली, वर्ष. एवढं पुरे. गोधडीवर थेट भरू नका, टाके पाच थरांतून नीट येत नाहीत. मलमलीच्या ३ × ५ इंचांच्या तुकड्यावर भरा आणि मागच्या कोपऱ्यात शिवा.

हस्ताक्षर मिळालं तर त्याला तोड नाही. जुन्या पत्रावरची, वहीवरची किंवा पाककृतीच्या कागदावरची एखादी ओळ खिडकीच्या काचेवर टेपने लावा, वर मलमल ठेवा आणि दिवसाच्या उजेडात पेन्सिलने गिरवा. भरायला दोन पदरी भरतकामाचा दोरा आणि उलटी टीप: सुई पुढे काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकाशी आत घालायची. अक्षराच्या वळणावर टाका निम्मा करा, नाहीतर गोल "ठ" चा षट्कोन होतो. अक्षर जरा कललेलं असेल तर कललेलंच भरा. सरळ केलंत तर ते त्यांचं राहत नाही.

११. धुणं, ठेवणं आणि देणं

देण्याआधी एकदा धुवा. साबणाच्या आणि पेन्सिलीच्या खुणा जातात, टाके कापडात बसतात. टबात कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने दाबत. पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा. ओली गोधडी चांगलीच जड होते. एका कडेवर टांगली तर सगळं वजन वरच्या दोन-चार ओळींवर येतं आणि टाके तिथेच तुटतात. खाटेवर पसरा किंवा दोन दोऱ्यांवर झोळीसारखी घाला, सावलीत.

ठेवायची असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट हवेत बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत आणि गोधडीत कधीच ठेवू नका. नॅफ्थलिनची वाफ तान्ह्या मुलांना घातक ठरू शकते.

बाळासाठी दिलीत तर हेही सांगा: पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर किंवा पाळण्यात सैल गोधडी ठेवायची नाही. जमिनीवर पसरून त्यावर खेळायला ती उत्तम.

उरलेला दोरा, एक सुई आणि त्याच साडीचे दोन-तीन वीतभर तुकडे छोट्या पिशवीत घालून गोधडीसोबत द्या. दोन-चार वर्षांत कडेला पहिलं ठिगळ लागेल, तेव्हा त्या छटेचं कापड बाजारात मिळणार नाही.